कवडी कापसाची उपकारस्तुती

आदरणीय सिस्टरबाई,
जय ख्रिस्त.

फोनवर हे बोलणं जमत नाही. दोन वाक्यं झाली की तुम्ही "बीपीची गोळी घेतली का?" विचारता आणि विषय तिथंच राहतो. म्हणून लिहायला बसलो, आणि चारचौघांना वाचता यावं असंच लिहितोय.

२०१७ साल. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी, मजूर गेले ते वर्ष. मीही पाठीवर पंप घेऊन डोक्याएवढ्या पऱ्हाटीत फवारत होतो. घरी आलो तो डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ. मिशन दवाखान्यातून रिटायर होऊन तुम्हाला बरीच वर्षं झाली होती, पण तुम्ही धावत आलात त्या ड्यूटीवर असल्यासारख्या. कपडे काढायला लावले, साबणानं दोनदा अंग धुवायला लावलं आणि "औषधाचा डबा संग घे, डॉक्टरले दाखवाले पायजे" म्हणत तालुक्याला पिटाळलं. त्याचे आभार मी तेव्हाच मानले होते. हे पत्र पुढच्या गोष्टीसाठी आहे.

मी बरा झालो, पण कापूस गेला. गुलाबी बोंडअळीचा कावा असा, की बोंड बाहेरून हिरवंगार, भरलेलं दिसतं. फोडावं तर आत अळी आणि पिवळट, चिकटलेला किडका कापूस, म्हणजे कवडी. चार एकरांत वेचायला बाया लावाव्या तर मजुरीही निघेना. आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. पण खरं सांगतो, माझा विश्वास म्हणजे रविवारचा इस्त्रीचा सदरा होता. भाव बरा मिळाला की 'देवाची कृपा', नाही मिळाला की देवळाकडे पाठ.

त्या वर्षी उपकारस्तुतीच्या सणाला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या देवळातल्या सणाला, मी येणारच नव्हतो. लोक तुरीच्या शेंगा, कोहळं, कोंबडा घेऊन येणार. मी काय न्यावं? तुम्ही दारात उभ्या राहून म्हणालात, "कवडी आन."

"सिस्टर, ती देवापुढं ठेवायची?"

"चांगलं पिकलं तरच द्याचं, असा करारनामा कोनं केला तुह्यासंग?"

पिशवीभर कवडी मी शरमेनं टेबलाच्या कोपऱ्यात ठेवली. अर्पणाच्या वस्तूंच्या लिलावात ती निघाली तेव्हा मागं कुणीतरी हसलं. तुम्ही पहिलीच बोली लावली, शंभर रुपये. दुसरी बोली कोण लावणार! तुम्ही ती घरी नेलीत, पिंजलीत आणि उशी केलीत.

संध्याकाळी तुम्ही हबक्कूक उघडून दिलात. बायबलातलं त्या नावाच्या संदेष्ट्याचं तीनच अध्यायांचं पुस्तक. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वरात आनंद करीन, असं तो शेवटी म्हणतो. मला राग आला. म्हणालो, "त्याच्यावर सोसायटीचं कर्ज नसंल." तुम्ही खो खो हसलात आणि पहिला अध्याय काढलात. तिथं हाच माणूस देवाशी भांडतोय: किती ओरडू, तू ऐकत का नाहीस? "पाह्य, भांडून झाल्यावर गायला हाय तो. आन काय काय गेलं थे नाव घेऊन मोजलं, लपवलं नाही. तुह्या आनंदात नुसतं 'म्हणून' हाय बापू. पीक आलं म्हणून. ह्याच्यात 'तरी' हाय."

आनंद त्या रात्री आला नाही. उशीर लागला. तुमच्याकडे पेटीवर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हणायला येऊ लागलो. रेव्हरंड टिळकांना १८९३ मध्ये नागपूर-राजनांदगाव गाडीत एका अनोळखी प्रवाशानं नवा करार दिला आणि त्यांचा बाप्तिस्मा झाला १८९५ मध्ये, हे तुम्हीच सांगितलंत. मधली दोन वर्षं त्यांनाही लागलीच की! प्रेषित पौलानं फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै गावच्या मंडळीला, पत्रात 'आनंद करा' लिहिलं ते तुरुंगातून, हेही तुमच्याच ओट्यावर कळलं. लहानपणी पाठ केलेलं वचन, पण ते बेडीतल्या हातानं लिहिलंय हे कधी डोक्यात शिरलं नव्हतं.

मग एका वर्षी तूर फुलोऱ्यात असताना धुई, म्हणजे दाट धुकं, आली, फूल गळून पडलं. मी बांधावर उभा होतो. पोटात गोळा आलाच. तो आजही येतो, लपवत नाही. पण घरी जाताना बायको म्हणाली, "अवो, तुम्ही गुणगुणून रायले." मला पत्ताच नव्हता. तूर गेल्याचं दुःख होतं, आणि त्याच्या खाली आणखी काहीतरी शाबूत होतं, विहिरीला उन्हाळ्यातही तळाशी झरा असावा तसं. कर्ज मात्र झऱ्यानं फिटत नाही. ते अजून फेडतोय.

तुम्ही आता नागपूरला लेकीकडे. ती उशी सोबत नेलीत, असं ताई म्हणाली. गाठी बोचत असतील, कवडीच ती.

यंदा सणाला मी बरा कापूस ठेवणार आहे, चार बोंडं कवडीचीही. त्यांच्यावर तुमच्या नावानं बोली मीच लावीन. शंभराच्या वर जाणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

तुमचा,
बापू