पडदा काळा झाला तरी

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी तुम्ही दुपारचे पडला होतात तेव्हा मी तुम्हाला न विचारता संगणकाच्या सेटिंग्ज बदलून आले आहे. तेच सांगण्यासाठी हे पत्र.

चूक माझीच होती. गणपतीत आले तेव्हा वीज वाचावी म्हणून पडदा पाच मिनिटांत बंद व्हावा आणि पंधरा मिनिटांनी संगणकही झोपी जावा, असे मीच करून ठेवले होते. तुम्ही लिहिताना एकेका वाक्यापाशी दहा मिनिटे थांबणारे. पडदा काळा झाला की यंत्र बिघडले असे वाटून तुम्ही खोक्यावरचे बटण दाबून धरायचात, आणि ते चार-पाच सेकंद दाबून धरले की संगणक जागा न होता थेट बंद पडतो. अण्णांच्या दुकानाविषयी लिहिलेली तीन पाने अशीच गेली, हे आईने स्वयंपाकघरात हळूच सांगितले तेव्हा मला फार लागले.

आता पडद्यासाठी तीस मिनिटे ठेवली आहेत आणि ‘स्लीप’पुढे ‘नेव्हर’ निवडले आहे. पडदा मालवला तरी संगणक जागाच राहील आणि माउस किंचित हलवताच मजकूर जसाच्या तसा समोर येईल. बिलाची काळजी नको. आपला मॉनिटर साधारण 20 वॅटचा, म्हणजे 50 तास चालला तर एक युनिट होते. खोका त्याहून जास्त वीज घेतो, म्हणून रात्री ‘शट डाउन’ करूनच उठावे. फुकट दिवा जाळू नये ही तुमची शिस्त मला ठाऊक आहे, पण मी रात्रीच्या गाडीने यायचे तेव्हा ओसरीवरचा दिवा पहाटेपर्यंत तुम्हीच ठेवायचात ना?

मॉनिटरच्या कोपऱ्यातला बारीक दिवा पाहत जा. तो पिवळा असेल तर मॉनिटर नुसता झोपला आहे, निळा असेल तर जागा आहे. माउस हलवूनही ‘नो सिग्नल’ अशी अक्षरे आली, तर बहुधा केबल सैल झाली असेल. मात्र ती चाचपायला टेबलाखाली वाकायचे नाही, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तर मुळीच नाही. मी कामात असले तरी मला फोन करा. प्रत्येक परिच्छेदानंतर कंट्रोल आणि एस एकत्र दाबा, म्हणजे लिहिलेले जतन होईल. आई, रक्तदाबाची गोळी घेतल्याशिवाय त्यांना खुर्चीत बसू देऊ नकोस.

ती तीन पाने पुन्हा लिहायची घाई करू नका. दिवाळीत मी येते, तुम्ही सांगा, मी टाइप करीन.

तुमची,
चिमी