मुदत टळलेला गॅसचा बाटला घरी दिल्याबद्दल तक्रार

दांडिया बाजार, वडोदरा
१२ जानेवारी २०२६

प्रति,
विभागीय व्यवस्थापक,
घरगुती गॅस विभाग, वडोदरा

महोदय,

काल आमच्याकडे आलेल्या १४.२ किलोच्या बाटल्यावर ‘सी २५’ असे लिहिलेले आहे. हँडलच्या तीन पट्ट्यांपैकी एकीवर, आतल्या बाजूला. ए म्हणजे मार्चअखेर, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. म्हणजे याची चाचणी सप्टेंबर २०२५ पर्यंत व्हायला हवी होती.

बाटला आणणाऱ्या मुलाला दाखवले तर तो म्हणाला, “काका, सगळे असेच येतात, सील बघा ना.” त्याच्यावर माझा राग नाही. त्याने काटा लावून वजन करून दाखवले आणि ते बरोबर भरले. पण सीलवरून आत गॅस पुरता आहे एवढेच कळते, पत्रा किती धड आहे ते कळत नाही. त्यासाठीच नवा बाटला दहा वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली तपासतात.

चूक भरणा केंद्रातली आहे. गॅस सिलेंडर नियम २०१६ प्रमाणे चाचणीची मुदत टळलेल्या बाटल्यात गॅस भरताच येत नाही, तो बाजूला काढून चाचणीला पाठवावा लागतो. भरला तेव्हा मुदत शिल्लक होती, असे उत्तर आपण द्याल. मग हा भरलेला बाटला तीन महिन्यांहून अधिक काळ कुठे पडून होता? बुकिंग केले की आठ-आठ दिवस वाट पाहायला लावणाऱ्या गोदामात तर नक्कीच नसेल.

शेजारच्यांच्या बाटल्यावर तर आकड्यावरूनच लाल रंगाचा ब्रश फिरवलेला आहे. २६ आहे की २८, वाचता येत नाही. ग्राहकाने तारीख पाहून घ्यावी असे सांगायचे आणि तारीखच रंगवून टाकायची, हे कसे चालेल?

हा बाटला कोणत्या केंद्रात व कोणत्या दिवशी भरला, ते लेखी कळवावे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास पत्राची प्रत नागपूरला, पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेच्या मुख्यालयात पाठवीन.

बाटला सीलसकट अंगणात उघड्यावर ठेवला आहे. तो भरलेला म्हणूनच बदलून द्यावा, नव्याने बुकिंग करायला सांगू नये. रिकामा तुमचा मुलगा कालच घेऊन गेला आहे, तेव्हा हे काम उद्यापर्यंत व्हावे.

आपला ग्राहक
(नाव व ग्राहक क्रमांक सोबतच्या पावतीवर आहे. पट्टीचा फोटो जोडला आहे.)