दत्तक देण्याआधी चार प्रश्न जास्त विचारणाऱ्या ताईंना

सप्रेम नमस्कार,

प्राणी दत्तक घ्यायला आलेल्या माणसाला तुम्ही पिंजऱ्यांकडे नेण्याआधी खुर्चीत बसवता आणि विचारता, "घरात आधीपासून कोण आहे?" लोक वैतागतात. मांजर न्यायला आलोय, सोयरीक जुळवायला नाही, असं पुटपुटतातही. पण जोडी चुकली की पुढचं सगळं आमच्या दवाखान्याच्या टेबलावर येतं: कानाच्या फाटक्या कडा, गादीवर लघवी करू लागलेली मांजर, खाणं सोडून पलंगाखाली बसलेला म्हातारा कुत्रा. तुमच्या चौकशीमुळे यातलं बरंच टळतं, म्हणून हे जाहीर आभार.

पहिले आभार तुमच्या फॉर्मच्या क्रमाबद्दल. त्यात घरच्या जुन्या प्राण्याची माहिती आधी येते आणि नव्याची पसंती नंतर. वय, नर की मादी, नसबंदी झाली आहे का, दुसरा प्राणी समोर आला की काय करतो, खाताना कुणी जवळ गेलं तर गुरगुरतो का, हे सगळं लिहून झाल्यावरच तुम्ही फोटो दाखवता. "लहान पिल्लू कुणालाही चालतं" हा समज तुम्ही इथेच खोडून काढता. दहा-बारा वर्षांच्या, सांधे धरलेल्या मांजरीच्या घरात तीन महिन्यांचं पिल्लू आलं, तर ते दिवसभर तिच्या शेपटीवर झडप घालणार. तिला उडी मारून वर जाता येत नाही, म्हणून ती आधी फिस्कारते, मग पंजा मारते आणि शेवटी शी-शूच्या ट्रेपर्यंत जाणंच टाळते. अशा घराला तुम्ही पाच-सहा वर्षांचं शांत मांजर सुचवता. पिल्लूच हवं असा हट्ट असेल तर दोन एकत्र देता. ती आपसात कुस्त्या खेळतात आणि म्हातारीचा ताप कमी होतो.

मोठं झालेलं मांजर सुचवण्यात आणखी एक शहाणपण आहे. मांजराची माणसांशी आणि इतर प्राण्यांशी सलगी करण्याची वृत्ती बरीचशी वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात घडते, पण पुढे स्वभाव कुठे जाईल हे पिल्लात नीट दिसत नाही. तीन वर्षांच्या मांजरात ते समोर दिसतं. कुत्र्यांचंही तेच, फक्त त्यांचा हा काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत चालतो.

कुत्र्यांच्या जोड्या लावताना तुम्ही शक्यतो नर-मादी बघता. एका घरात राहणाऱ्या दोन माद्यांची भांडणं अनेकदा सर्वांत चिवट असतात. एकाच वेतातली दोन पिल्लं एका घरी देताना तुम्ही कचरता, तेही योग्यच: ती एकमेकांत इतकी गुंततात की माणसाचं ऐकायला शिकवणं दुप्पट कठीण होतं. वजनाचा फरक फार असेल तर साधा खेळही धोक्याचा. तीस किलोच्या कुत्र्याने गमतीत मानेला धरून हलवलं तरी चार किलोच्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

मांजराच्या घरी कुत्रा देण्याआधी तुम्ही जी परीक्षा घेता, ती प्रत्येकाने एकदा बघावी. कुत्रा पट्ट्यावर, मांजर जाळीपलीकडे, पळायला वाट मोकळी, मध्ये चार-पाच मीटर अंतर. कुत्र्याने मांजराकडे बघितलं, नावाने हाक मारल्यावर मान वळवली, जमीन हुंगली, हातातला तुकडा खाल्ला, तर पुढे बोलता येतं. पण तोंड मिटलेलं, अंग ताठ, वजन पुढच्या पायांवर, डोळे खिळलेले आणि नाकाशी धरलेल्या तुकड्याकडेही लक्ष नाही, असं दिसलं की तुम्ही तिथेच लिहिता: मांजराच्या घरी नको. भुंकण्याला लोक घाबरतात. आम्हाला मात्र ही शांतताच जास्त घाबरवते. आणि बसलेल्या मांजरासमोर पास झालेला कुत्रा पळत्या मांजरामागे धावणार नाही याची खात्री नसते, हेही तुम्ही न विसरता सांगता.

आजारांच्या बाबतीत तुम्ही दयामाया दाखवत नाही, त्याबद्दल दवाखान्यातर्फे वेगळा नमस्कार. नवं मांजर १४ दिवस वेगळ्या खोलीत, वेगळी भांडी, वेगळा ट्रे. एफआयव्ही (प्रतिकारशक्ती खालावणारा विषाणू) आणि एफईएलव्ही (मांजरांच्या ल्युकेमियाचा विषाणू) या दोन्हींच्या तपासण्या करायच्या, आणि संसर्ग अगदी अलीकडचा असेल तर तपासणीत दिसत नाही म्हणून ६० दिवसांनी पुन्हा करायच्या. या दोघांत लोक गल्लत करतात. एफआयव्ही मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो, त्यामुळे नसबंदी झालेली, भांडकुदळ नसलेली मांजरं बहुधा एकत्र राहू शकतात. एफईएलव्ही मात्र लाळेतून, एकमेकांना चाटण्यातून आणि एका वाटीतून खाण्यातूनही जातो. तसं मांजर निरोगी मांजरांच्या घरात देऊ नये.

कुत्र्यांचा पार्वो किंवा मांजरांचा पॅनल्युकोपेनिया या जीवघेण्या विषाणूजन्य आजारांनी प्राणी गेलेल्या घरात लस पूर्ण न झालेलं पिल्लू तुम्ही देत नाही, कारण हे विषाणू घरात महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही टिकतात. फरशी आधी साबणाने स्वच्छ धुवायची, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि ३२ भाग पाणी हे मिश्रण दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग पाण्याने धुवायचं. मळ तसाच राहिला तर ब्लीचचा उपयोग होत नाही. गालिचा आणि सोफा असे धुता येत नाहीत, म्हणून तिथे लसी पूर्ण झालेला मोठा प्राणीच बरा.

मग नव्या-जुन्याची ओळख कशी करून द्यायची, हे सांगणारी तुमची ती चिठ्ठी. पहिले काही दिवस दार बंद. एकाचे गाल पुसलेलं फडकं दुसऱ्याच्या वाटीजवळ ठेवायचं. दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण द्यायचं, वाट्या आधी दोन मीटर लांब, रोज थोड्या जवळ. दाराशी दोघं निवांत खाऊ लागली की खोल्या बदलायच्या, मग जाळीतून दर्शन, मग पाच-दहा मिनिटांच्या भेटी. फिस्कारणं चालतं. टक लावून वाट अडवणं, ट्रेजवळ दबा धरणं, पाठलाग, यातलं काही झालं तर एक पायरी मागे. ट्रे मांजरांपेक्षा एक जास्त आणि वेगवेगळ्या जागी ठेवायचे. एका ओळीत ठेवलेले तीन ट्रे मांजर एकच समजतं, हे तुमचं वाक्य आम्ही सर्रास वापरतो. बहुतेक लोक दुसऱ्याच दिवशी दार उघडतात आणि "जमत नाही" म्हणून फोन करतात. त्यांना तुम्ही पुन्हा चिठ्ठीच्या पहिल्या ओळीवर आणता.

लहान प्राण्यांची माहिती असणारे फार कमी. ससा आणि गिनीपिग एकत्र मागणाऱ्यांना तुम्ही समजावता की सशाची लाथ गिनीपिगला जबर इजा करू शकते, सशाला काहीच न करणारा बॉर्डेटेला जिवाणू गिनीपिगला न्यूमोनिया देऊ शकतो, आणि क जीवनसत्त्व फक्त गिनीपिगलाच आहारातून लागतं. सशाला सोबत सशाचीच, शक्यतो नसबंदी झालेले नर-मादी. नसबंदीनंतरही नराला चार ते सहा आठवडे नसबंदी न झालेल्या मादीपासून दूर ठेवायचं, कारण तेवढे दिवस पिल्लं होऊ शकतात. सीरियन हॅमस्टर (उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी) एकटाच ठेवायचा.

ॲलर्जी असलेल्या कुटुंबाला तुम्ही मांजरांच्या खोलीत दोन-तीनदा तास-तासभर बसवता, तेही मोलाचं. ॲलर्जी आणणारं प्रथिन मांजराच्या लाळेत आणि कातडीत असतं आणि मांजर परत गेल्यावरही घरात महिनोन्‌महिने राहतं, त्यामुळे ही परीक्षा आधीच झालेली बरी.

"न जमल्यास प्राणी आमच्याकडेच परत आणावा" ही ओळ तुम्ही फॉर्मवर ठळक छापता. तिच्यामुळे लोक अडचण लवकर सांगतात, जखमा होईपर्यंत थांबत नाहीत.

फॉर्म पुन्हा छापाल तेव्हा एक रकाना वाढवा, एवढी विनंती: जुन्या प्राण्याला कोणतं औषध किंवा पथ्याचं खाणं चालू आहे? मूत्रपिंडाच्या पथ्यावरची मांजर पिल्लाच्या वाटीतलं खाणं हमखास चोरते आणि त्यात तिला बेतानेच द्यायचं असलेलं फॉस्फरस भरपूर असतं. अशा घरात दिवसभर वाटी भरून ठेवता येत नाही. दोघांना वेगळ्या खोल्यांत, ठरलेल्या वेळी वाढून वीस मिनिटांत वाट्या उचलाव्या लागतात. हे रोज जमणार आहे का, ते पिल्लू देण्याआधी विचारून घ्या.

आपली,
दवाखान्यातली मंडळी