रेझर, टॉवेल आणि वाढत्या वयाची मुलं

महोदय,

बारा-तेरा वर्षांच्या मुलांना ‘दुसऱ्याचं वापरू नका’ एवढं सांगून भागत नाही. कारण सांगावं लागतं. रेझरने त्वचेवर न दिसणारे काप जातात. पात्यावरच्या वाळलेल्या रक्तातही हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराचा विषाणू किमान 7 दिवस तग धरतो, त्यामुळे नुसतं धुऊन धोका टळत नाही. दमट टॉवेलमधून गजकर्ण पसरतं, काजळातून डोळे येऊ शकतात. जंतू कसे पसरतात हे वर्गात दाखवायचं तर एकाच्या बोटांना रंगीत खडूची पूड लावा, त्याचं पेन पाच जणांत फिरवा आणि मग सगळ्यांची बोटं बघा. उवा झालेल्या मुलाला मात्र वर्गासमोर उभं करू नका. लाजेने मुलं खाज लपवतात आणि उपचार लांबतो.

– एक शालेय आरोग्य शिक्षिका