हिमनद्यांच्या सफरीला जाताना आधी नियम विचारा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अलास्काच्या किनाऱ्यावरील छोट्या जहाजांच्या सफरीविषयी आलेला सचित्र लेख आवडीने वाचला. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांवर तापणाऱ्या जळगाव-भुसावळकडच्या वाचकाला निळ्या बर्फाची छायाचित्रे पाहूनच बरे वाटते. ज्यांची मुले अमेरिकेत नोकरीला आहेत असे आपल्या भागातले बरेच निवृत्त लोक अलीकडे या सफरीची चौकशीही करू लागले आहेत. मात्र जहाजावरच्या खोल्या, जेवण आणि गच्चीवरचे गरम पाण्याचे कुंड यांवर लेखात जितका मजकूर आहे, त्याच्या पावपटही मजकूर त्या पाण्यात जहाजांवर असलेल्या बंधनांविषयी नाही. मुलाच्या आग्रहाने मी व माझी पत्नी ही सफर करून आलो आहोत आणि माझी सारी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो. माझे म्हणणे एवढेच की, या सफरीत पैसे मोजायचे ते त्या बंधनांसाठी. बाकीचे सारे कुठल्याही बऱ्या हॉटेलात मिळते.

लेखात या प्रदेशाला ‘बर्फाचे वाळवंट’ म्हटले आहे, ते बरोबर नाही. सफरी होतात तो अलास्काचा आग्नेय भाग म्हणजे असंख्य बेटे, त्यांच्यामधल्या अरुंद खाड्या आणि पाण्यापर्यंत उतरलेले घनदाट अरण्य आहे. टोंगास हे अमेरिकेतील सर्वांत मोठे राष्ट्रीय वन येथेच असून त्याचा विस्तार एक कोटी साठ लाख एकरांहून अधिक आहे. केचिकन या गावी वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आपल्या जळगावची सरासरी सातशेच्या आसपास असते. त्यामुळे उन्हाळी सफरीला निघताना जाडजूड लोकरीपेक्षा चांगला रेनकोट आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट जास्त कामाला येतात. बाहेरच्या बेटांमुळे पॅसिफिक महासागराच्या मोठ्या लाटा आतल्या मार्गावर फारशा पोहोचत नाहीत, म्हणून बोट लागण्याची भीती बाळगणाऱ्यांनीही फार घाबरू नये.

या सफरींचे मुख्य आकर्षण असलेल्या ग्लेशियर बे या उपसागराचा इतिहास पुरवणीत एका ओळीत उरकला आहे. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूव्हर यांच्या मोहिमेतील जोसेफ व्हिडबी यांचे पथक येथे आले, तेव्हा आज जिथे उपसागर आहे तिथे बर्फाची भिंत होती आणि किनाऱ्याला फक्त आठेक किलोमीटरची खाच पडलेली होती. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर आले तेव्हा बर्फ साठ किलोमीटरहून अधिक मागे हटला होता, आणि १९१६ पर्यंत तो शंभर किलोमीटरच्याही पलीकडे, टार इनलेट या खाडीच्या टोकाशी गेला होता. त्याआधी, अठराव्या शतकात, हाच बर्फ पुढे सरकत आल्यामुळे हूना ट्लिंगिट या तिथल्या मूळ रहिवाशांना आपली गावे सोडावी लागली. त्यांचे सामुदायिक घर २०१६ मध्ये उपसागराच्या तोंडाजवळच्या बार्टलेट कोव्ह या खाडीच्या किनाऱ्यावर पुन्हा उभे राहिले आहे. बर्फाचे ओझे उतरल्यामुळे तिथली जमीन अजूनही वर्षाला सुमारे तीन सेंटिमीटर वर येते. ज्याने आयुष्यभर लेव्हलिंगचे, म्हणजे जमिनीची उंची मोजण्याचे, काम केले, त्याला बेंचमार्कच, म्हणजे उंची मोजण्याची पक्की खूणच, दरवर्षी वर सरकतो ही कल्पना किती अस्वस्थ करते, हे आमच्या खात्यातल्या लोकांनाच कळेल!

हा इतिहास सांगण्याला कारण आहे. ‘वितळण्यापूर्वी पाहून घ्या’ हे शीर्षक आपण दिले आहे आणि ट्रॅव्हल कंपन्यांच्या जाहिरातींतही हेच वाक्य असते. ग्लेशियर बेमधील मोठी माघार कारखान्यांच्या धुरामुळे झालेली नाही. तिचा बराचसा भाग विसावे शतक उजाडण्यापूर्वीचा आहे, आणि समुद्राला भिडणाऱ्या हिमनद्यांचे पुढे-मागे होण्याचे स्वतःचे चक्र असते. आज अलास्कातील बहुतेक हिमनद्या तापमानवाढीमुळे आक्रसत आहेत, हेही तितकेच खरे आहे. पण ती घाई ग्राहकाला दाखवून, मुंबईहून अर्धी पृथ्वी विमानाने ओलांडायला लावणे हा विक्रीचा अजब प्रकार आहे. (आम्हीही ती ओलांडली, हे मान्य.)

आता बंधनांविषयी. ग्लेशियर बे हे राष्ट्रीय उद्यान असून १९९२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथे एका दिवसात जास्तीत जास्त दोन मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो. छोट्या सहल-जहाजांची मर्यादा दिवसाला तीन आहे. परवान्याशिवाय आत जाता येत नाही, आणि उद्यानाचे रेंजर स्वतः जहाजावर येऊन माहिती देतात. हजारो प्रवाशांचे मोठे जहाज हिमनदीसमोर थांबते, वळते आणि परत निघते. त्यावरचे लोक तिथे उतरत नाहीत. शंभराच्या आतबाहेर प्रवाशांचे छोटे जहाज मात्र बार्टलेट कोव्हला धक्क्याला लागू शकते, रबरी होड्या व कयाक पाण्यात उतरवू शकते आणि साउथ मार्बल बेटाजवळ रेंगाळू शकते. या बेटाच्या खडकांवर समुद्रसिंह आपसात भांडत पडलेले असतात आणि त्यांचा वास त्यांच्या आवाजाआधी येतो. अलास्काची राजधानी असलेल्या जुनो शहरानेही मोठ्या जहाजांची संख्या दिवसाला पाचवर आणणारा करार केला आणि तो २०२४ च्या हंगामापासून लागू झाला. बत्तीसेक हजार वस्तीच्या, बाहेरून रस्त्याने पोहोचता न येणाऱ्या गावात एका हंगामात पंधरा लाखांहून जास्त प्रवासी उतरू लागल्यावर दुसरे काय होणार?

हे नियम कशामुळे हवेत, ते बार्टलेट कोव्हला पाहायला मिळते. तिथे हंपबॅक जातीच्या देवमाशाच्या मादीचा सांगाडा २०१४ पासून मांडून ठेवला आहे. तो सुमारे चौदा मीटर लांब आहे. शेपटीवरच्या खुणांवरून संशोधक तिला अनेक वर्षे ओळखत होते आणि तिचे नाव ‘स्नो’ ठेवले होते. जुलै २००१ मध्ये एका मोठ्या क्रूझ जहाजाची धडक बसून ती मेली, तेव्हा ती गाभण होती. तिच्या कवटीला तडे गेले होते. देवमाशांजवळ वेग कमी न ठेवल्याचा गुन्हा त्या कंपनीने २००७ मध्ये कबूल केला आणि साडेसात लाख डॉलर भरले. आज या पाण्यात देवमासे असतात तिथे तेरा नॉटची, म्हणजे ताशी चोवीस किलोमीटरची, वेगमर्यादा लावली जाते. उद्यानाच्या हद्दीत देवमाशापासून पाव सागरी मैल, म्हणजे सुमारे साडेचारशे मीटर, दूर राहावे लागते. बाहेर अलास्काच्या पाण्यात हे अंतर शंभर यार्डांचे आहे. जॉन्स हॉपकिन्स खाडीत मे आणि जून महिन्यांत कोणतेच इंजिनाचे जहाज सोडत नाहीत, कारण तेव्हा तरंगत्या बर्फावर सीलच्या माद्या पिल्लांना जन्म देतात. पिल्लू पाण्यात पडून आईपासून तुटले की जगत नाही. मोठ्या क्रूझ जहाजांना तर ही खाडी ऑगस्टअखेरपर्यंत बंदच असते.

नियम पाळल्यावर काही कमी दिसते, असा समज होण्याचे कारण नाही. चॅटम सामुद्रधुनीत आमच्या कप्तानाने लांबूनच इंजिन बंद केले आणि जहाज तसेच तरंगू दिले. आधी कुरव पक्षी एका जागी घिरट्या घालू लागले, मग पाण्यावर बुडबुड्यांचे हिरवट कडे उमटले आणि त्या कड्याच्या मधोमध सात-आठ देवमासे तोंडे वासून एकदम वर आले. हेरिंग माशांच्या थव्याला खालून बुडबुड्यांचे कुंपण घालून कोंडण्याची ही त्यांची सामूहिक शिकार असते. जहाजाने जलध्वनिग्राहक, म्हणजे पाण्याखालचा आवाज टिपणारा मायक्रोफोन, पाण्यात सोडला होता. त्यातून वर येण्यापूर्वीचा त्यांचा लांबलचक चढता सूर ऐकू येत होता आणि तो थांबला की पाणी फुटे. वाऱ्यावर त्यांच्या उच्छ्वासाचा सडक्या मासळीचा दर्प आमच्यापर्यंत आला, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी पदर नाकाला लावला. पण जागा सोडली नाही.

हिमनदीजवळ माझे लक्ष मात्र बर्फापेक्षा पाण्याकडे होते. खडक दळून आलेल्या बारीक पिठामुळे वितळलेले पाणी दुधाळ असते आणि समुद्राच्या गडद पाण्याला ते भिडते तिथे स्पष्ट रेघ दिसते, जशी पुराच्या दिवसांत चांगदेवला पूर्णेचे गढूळ पाणी तापीत शिरताना दिसते. मार्जरी हिमनदीचा कडा पाण्यावर सत्तर-पंचाहत्तर मीटर उंच आहे. त्याचा तुकडा सुटताना आधी दिसतो आणि आवाज नंतर येतो, कारण जहाज तितके लांब उभे असते. होडीतून जवळ घेतलेला बर्फाचा छोटा तुकडा कानाशी धरला, तर त्यात अडकलेली जुनी हवा सुटताना तडतड ऐकू येते.

आता व्यवहाराच्या गोष्टी, ज्या लेखात असायला हव्या होत्या. परदेशी ध्वजाच्या, म्हणजे परदेशात नोंदणी झालेल्या, जहाजांना १८८६ च्या अमेरिकन कायद्यामुळे दोन अमेरिकन बंदरांमध्ये सरळ प्रवासी नेता येत नाहीत. मोठी जहाजे बहुधा परदेशी ध्वजाची असल्याने ती वाटेत कॅनडाचे बंदर घेतात आणि आपल्या पासपोर्टवर कॅनडाचाही व्हिसा लागतो. जुनोहून निघून अलास्कातच फिरणाऱ्या अमेरिकन ध्वजाच्या छोट्या जहाजांना ही अडचण नाही. मात्र छोट्या जहाजांवर बहुधा डॉक्टर नसतो, अनेकांवर लिफ्ट नसते, जिने अरुंद व उभे असतात आणि मोबाइलची रेंज दिवसच्या दिवस मिळत नाही. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी हे आधी विचारावे. शाकाहारी जेवण अगोदर कळवले तर मिळते, तरी दाण्याच्या चटणीची पुडी सोबत असावी. खर्च माणशी कित्येक लाखांत जातो. त्यामुळे एजंटाला खोलीचा प्रकार विचारण्याआधी ग्लेशियर बेचा परवाना त्या तारखेला आहे का, प्रवासी किती, होडीतून उतरवतात का आणि देवमाशांजवळ अंतर किती ठेवतात, हे विचारावे. आमच्या शहरातील एका एजंटाला यातील एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. त्याने पुन्हा पुन्हा बुफेचे फोटो दाखवले.

या निमित्ताने एक स्थानिक सूचना करतो. आपल्याकडे तापीवरच्या हतनूर धरणाच्या जलाशयावर हिवाळ्यात पट्टकादंब जातीचे हंस आणि हजारो बदके उतरतात. तिथे उद्या कोणी नौकाविहार सुरू करायचे म्हटले, तर दिवसाला किती होड्या, कोणत्या महिन्यांत आणि थव्यापासून किती अंतरावर, हे निविदा काढण्यापूर्वी वनविभाग आणि पाटबंधारे विभागाने लिहून जाहीर करावे. होड्या सुरू झाल्यावर नियम करणे म्हणजे वरातीमागून घोडे.

पुरवणीत या लेखाचा दुसरा भाग येणार असल्याचे नमूद आहे. सफरींचा हंगाम मे ते सप्टेंबर असतो आणि अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायला वेळ लागतो, तेव्हा परवान्यांची व नियमांची माहिती देणारा तो भाग दिवाळीच्या आत छापल्यास पुढच्या वर्षी जाऊ इच्छिणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल. कळावे.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त शाखा अभियंता, जळगाव