बापू, तुझा पांढरा शर्ट मीच खराब केला होता

प्रिय बापू,

चार महिने ना फोन ना मेसेज, माहितीये मला. तू मनातल्या मनात शिव्या घालून मोकळा झाला असशील. तब्येत बरी आहे, मागच्या महिन्यात एक दाढ काढली, बाकी काही नाही. पण परवा इथं थायलंडात जे झालं ते तुझ्याशिवाय कोणाला सांगू भो, इथल्यांना त्यात फक्त कपड्यांचं नुकसान दिसतं.

आधी कबुली. नववीत २६ जानेवारीला तुझ्या नव्या पांढऱ्या शर्टावर पाठीमागून केळीचा चीक लागला, काकांनी तुला बडवलं आणि तू गोट्यावर संशय घेऊन वर्षभर त्याच्याशी बोलला नाही. तो गोट्या नव्हता. घडाचा ताजा कापलेला दांडा मीच घासला होता. आताच का सांगू राहिलो ते पुढं येतंच.

इथं आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारासच यांचा मोठा सण असतो, लॉय क्राथोंग. केळीच्या खांबाची दोन-तीन बोटं जाडीची चकती कापायची, कडेनं केळीची पानं दुमडून पाकळ्यांसारखी टाचण्यांनी लावायची, वर झेंडू, मेणबत्ती, तीन उदबत्त्या, हे झालं क्राथोंग, आणि रात्री ते नदीत सोडून द्यायचं. वर्षभर घाण केलं म्हणून नदीची माफी मागायची. आणि नदीच्या देवीला काय म्हणतात तर मे खोंगखा, म्हणजे आपली गंगामाय! गावाचं नाव नाखोन सावन, ते पण नगर-स्वर्ग. पिंग आणि नान या दोन नद्या इथं मिळतात आणि पुढं चाओ फ्राया होते. पहिल्यांदा त्या संगमावर उभा राहिलो तर चांगदेव आठवलं, तापी-पूर्णेचा संगम, आणि तुझी वाहून गेलेली एक चप्पल. दुसरी तू घरी का नेली होती हे मला आजवर कळलेलं नाही.

तर सण कोणताही असो, पोरांकडून कागद-कात्रीचं काहीतरी करून घ्यायचं काम इंग्लिश टीचरच्या गळ्यात. डिसेंबरात घामाघूम होऊन कापसाचे स्नोमॅन बनवतो. बर्फ ना मी पाहिलाय ना पोरांनी, आणि एवढा कापूस समोर दिसला की मला क्विंटलचा भावच आठवतो. गुलाबाईतला खाऊ ओळखायचा खेळ मात्र मी वर्गात लावला, डबा हलवायचा आणि पोरांनी विचारायचं, इज इट स्वीट, इज इट सॉल्टी, इतकं इंग्लिश तर ती पुस्तकातून महिनाभरात बोलत नाहीत. ताईनं आपल्याला कधी आत घेतलं नाही, खिडकीतून ऐकून शिकलो तेच कामी आलं बघ.

आता मुद्दा. शाळा दरवर्षी बाजारातून तयार चकत्या आणते. यंदा मी मीटिंगमध्ये छाती फुगवून सांगितलं की खांब आणा, मी कापतो, मी केळीच्या मुलखातला, माझ्या बापाची बाग आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसरीची २८ पोरं, सकाळी क्राथोंग बनवायचं आणि दुपारी मिरवणूक, म्हणून सगळी पारंपरिक कपड्यांत आलेली, पोरींचे रेशमी लुंगीसारखे झगे, पोरांचे पांढरे कोट, निम्मे भाड्याचे. मी ताजा खांब कापला आणि चकत्या लगेच वाटल्या. फोल्ड, पिन, पुश, असं म्हणत पोरं रंगून गेली. मांडीवर घेतल्या, कोटाला हात पुसले. तुला तर माहितीये, चीक आधी पाण्यासारखाच दिसतो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत काही नाही, आणि मिरवणुकीच्या ओळीत उभी केली तेव्हा पांढऱ्या कोटांवर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग. माझा टी-शर्ट काळा, मला काहीच नाही.

भाड्याच्या दुकानातल्या बाईनं नखानं खरवडून पाहिलं, वास घेतला आणि एकच शब्द बोलली, क्लुआय, म्हणजे केळ. ११ ड्रेस. ४,२०० बाट मी भरले, आपले दहा हजारांच्या वर. पैशाचं जाऊ दे. वर्गात एक पोरगी आहे, तिची आजी बाजारात याच चकत्या विकते, आदल्या दिवशी कापून ठेवते म्हणे. ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "टीचर फादर हॅव बनाना. टीचर नॉट नो?"

बापू, आपण चिकाचे कपडे वेगळे ठेवायचो. मळ्यात जाताना आई तो खाकी शर्ट अंगावर फेकायची, हाताला तेल चोळ म्हणायची. हे मी विसरलो. तुझ्या शर्टावर मुद्दाम डाग पाडणारा मी, मीच विसरलो! तू स्टेशनवर बोलला होता, तिकडं जाऊन ए फॉर ॲपल शिकवशील, इकडं केळी कोण शिकेल? तेव्हा राग आला होता, गाडी हलल्यावर मी हात पण केला नाही.

आता खरं सांगतो, फोन का नाही केला ते. नानांचा जुलैतच फोन आला होता, गुडघे चालत नाहीत, औंदा कांदेबागाची केळी मी लावत नाही, बापूला मक्त्यानं देऊ का? मी म्हटलं सांगतो. अजून सांगू राहिलोय. तू पण मला काही बोलला नाही. मला वाटलं मागनं मागनं ठरवलं यांनी, आणि आपल्याच वावरात दुसरा, असं काहीबाही डोक्यात. कोण दुसरा? दर उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीला तूच उठायचा, मी बांधावर झोपायचो. पण हो म्हटलं की ते वावर माझं नाही असं काहीतरी होतं, आणि नाही म्हणायला माझ्याकडे काय आहे? चीक विसरलेला माणूस येऊन बाग करणार? आणि एक वर्ष पडीत ठेवा म्हणावं तर नाना ऐकणार नाहीत, ते रोपं लावतील आणि एक दिवस पाटावर पडतील.

तर लाव तू. केळीची टिश्यू कल्चरची रोपं अजून मिळत असतील तर आजच बुक कर, उशीर तसा झालाच आहे. मक्त्याचं नाना सांगतील ते, मी मध्ये पडत नाही. फक्त विहिरीकडच्या दोन ओळींतल्या केळीच्या बुडातली पिलं काढायला मी एप्रिलच्या सुट्टीत येईन, त्या माझ्यासाठी ठेव, चुकलं तर शिव्या घाल.

छोटीचं जावळ झालं का? वहिनींना नमस्कार, काकूंच्या मोतीबिंदूचं काय झालं ते कळव. भरीत पार्टी झाली असेल तर फोटो पाठवू नको, जीव जळतो. गोट्या भेटला तर शर्टाचं तूच सांग, मला लाज वाटते.

आणि फोन कर. इथं घड्याळ दीड तास पुढं आहे, मागच्या वेळी तू साडेअकराला केला होता, माझ्याकडे रात्रीचा एक वाजला होता.

तुझाच,
मास्तर