वैमानिक व्हायचे, पण राजीनामा कधी?

महोदय,

अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुण्यात नोकरीला लागलेल्या सोलापूरच्या मुलाने किंवा मुलीने ‘हवाई दलात वैमानिक व्हायचे आहे’ असे म्हटले की घरी कौतुक होते किंवा रडारड. वयाचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. उड्डाण शाखेसाठी प्रशिक्षण सुरू होताना वय २० ते २४ वर्षे असावे लागते आणि व्यावसायिक वैमानिकाचा वैध परवाना असेल तरच ही मर्यादा २६ पर्यंत वाढते. त्यामुळे बाविसाव्या वर्षी पदवीधर झालेल्याला ‘आधी दोन-तीन वर्षे अनुभव घे’ हा वडीलधाऱ्यांचा (एरवी शहाणपणाचा) सल्ला परवडणारा नाही.

तरीही आधीच राजीनामा देण्याची घाई मला चुकीची वाटते. एएफकॅट ही हवाई दलात अधिकारी होण्यासाठीची प्रवेश परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि निवड मंडळासमोर रजा काढून जाता येते. वैमानिक निवड चाचणी मात्र आयुष्यात एकदाच देता येते; तीत अपयश आल्यास उड्डाण शाखेचा मार्ग कायमचा बंद होतो. म्हणून दृष्टी आणि उंची यांची तपासणी अर्ज भरण्यापूर्वीच करून घ्यावी.

एएफकॅटमधून मिळणारे उड्डाण शाखेचे अल्पमुदतीचे कमिशन (म्हणजे ठरावीक वर्षांपुरती अधिकारीपदाची नेमणूक) १४ वर्षांचे असते आणि त्याला निवृत्तिवेतन नसते. चाळिशीच्या उंबरठ्यावर पुढे काय करायचे, याची चर्चा घरातील मंडळींनी हैदराबादजवळच्या दुंडीगल येथील हवाई दल अकादमीत प्रशिक्षणासाठी रुजू होण्याआधी करावी.

— एक निवृत्त प्राध्यापक, सोलापूर